शिपायाची चाल आणि कंडक्टरचे जिने



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल, किल्ल्यांबद्दल, रसदीबद्दल बोलतो. आज एकही लढाई नाही. आजचा विषय आहे चालणं. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकठिकाणांहून तुमचे जे प्रश्न येतात, त्यांत एक हमखास असतो: "कर्नलसाहेब, तुम्ही फौजी लोक इतके फिट कसे राहता?" हा प्रश्न मी बरीच वर्षं टाळत आलो. कारण खरं उत्तर द्यायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागते.

1987 सालची गोष्ट. मी कॅप्टन होतो आणि एका ट्रेनिंग सेंटरमध्ये रिक्रुटांची एक कंपनी माझ्या हाताखाली होती. त्यात सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा होता. चौथ्या आठवड्यात तो लंगडायला लागला. पाऊल वरच्या बाजूने थोडं सुजलेलं, पण जखम नाही, मुरगळल्याचंही त्याला आठवत नव्हतं. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मी ठरवून टाकलं की पोरगा नाटक करतोय. पुढच्या रूट मार्चला त्याच्या पाठीवर पूर्ण पिठ्ठू चढवून मी त्याला रांगेत उभं केलं. बाराव्या किलोमीटरला तो खाली बसला तो उठलाच नाही. पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा पावलाच्या एका लांब हाडावर बारीक भेग आणि तिच्याभोवती नव्या हाडाची सावली स्वच्छ दिसत होती. मुलाचे तीन महिने गेले. बरोबरचे सगळे पुढे गेले, तो मागच्या बॅचमध्ये गेला.

आमचे पीटी उस्ताद एक वयस्कर सुभेदार होते. ते मला ओरडले नाहीत, ओरडण्याचा प्रश्नच नव्हता. एवढंच म्हणाले, "साहब, जवान को ऑर्डर दे सकते हैं, हड्डी को नहीं."

हाडाला हुकूम का देता येत नाही, हे समजून घ्यायला मला पुढे बराच काळ लागला. त्यासाठी जे वाचलं, त्यातून एका शास्त्राचा इतिहास हाती लागला. त्या शास्त्राला किनेसिऑलॉजी म्हणतात. त्याचा फौजेशी फार जुना संबंध आहे, आणि खुर्चीत बसून हा भाग पाहणाऱ्या तुमच्याशी त्याहून जवळचा.

नावाची आणि तरफेची गोष्ट

ग्रीक भाषेत किनेसिस म्हणजे हालचाल. किनेसिऑलॉजी म्हणजे माणसाच्या हालचालीचं शास्त्र. निकोलस दाली या फ्रेंच लेखकाने 1857 साली याच नावाने, म्हणजे फ्रेंच रूपात, एक ग्रंथ छापला. नाव तेव्हाचं असलं तरी विचार जुना आहे. प्राणी चालतात कसे यावर ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहिलं होतं.

या शास्त्रात तीन प्रश्न एकत्र येतात. पहिला, शरीर कशाचं बनलंय: हाडं, सांधे, स्नायू. दुसरा, ते चालतं कशावर: श्वास, रक्त, अन्न, मज्जातंतूंचे निरोप. तिसरा, त्यावर कोणती बलं काम करतात: वजन, तोल, तरफ. शरीररचना, शरीरक्रिया आणि यंत्रशास्त्र, हे ते तीन पाय. पुढे त्यांना मानसशास्त्राचीही जोड मिळाली, कारण माणूस हलतो की बसून राहतो हे स्नायूंइतकंच मनावर अवलंबून असतं.

तरफेचं उदाहरण घेऊ. जोवान्नी बोरेली हा इटालियन गणिती 1679 साली वारला. त्याचा प्राण्यांच्या हालचालीवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1680-81 मध्ये छापला गेला. त्याआधी बहुतेकांचा समज असा होता की शरीरातल्या तरफा आपले कष्ट वाचवतात; पहार लावून दगड सहज हलवावा तसं थोड्या जोरात मोठं वजन उचलून देतात. बोरेलीने हिशेब करून उलटं दाखवलं. कोपरात हात काटकोनात वाकवून तळहातावर एक किलोचं वजन धरा. ते वजन कोपरापासून साधारण 35 सेंटिमीटरवर आहे, आणि ते पेलणारा दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम 4-5 सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला आहे. म्हणजे हाताचं स्वतःचं वजन सोडलं, तरी त्या एका किलोसाठी स्नायूला सात-आठ किलोंचा ताण द्यावा लागतो. निसर्गाने ताकदीचा तोटा पत्करला आणि त्या बदल्यात वेग आणि पल्ला घेतला. स्नायू थोडासा आखडतो आणि हात भरपूर फिरतो. म्हणून आपण दगड भिरकावू शकतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की बाहेरून हलकं दिसणारं ओझं आत सांध्यावर कितीतरी पटींनी पडतं. पाठीवरची पिशवी वीस किलोंची असली तरी कणा, गुडघा आणि पाऊल वेगळाच हिशेब मांडत असतात. कंपनी कमांडर म्हणून माझ्याकडे पिठ्ठूचं वजन लिहिलेलं होतं. हा आतला हिशेब नव्हता.

शिपाई प्रयोगशाळेत येतो

सैन्य पोटावर चालतं असं म्हणतात. पण आधी ते पायांवर चालतं, आणि सेनापतींना हे नेहमीच माहीत होतं. रोमन लेखक वेगेटियसने रिक्रुटांसाठी लिहून ठेवलेला नियम असा की उन्हाळ्याच्या पाच तासांत वीस रोमन मैल, म्हणजे आपले साधारण 29-30 किलोमीटर, चालता आलं पाहिजे. आणि साठ रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे वीस किलो, ओझं घेऊन चालण्याचा सराव पाहिजे. आजच्या कोणत्याही पायदळाच्या अधिकाऱ्याला हे आकडे ओळखीचे वाटतील. दीड हजार वर्षांत बूट बदलले, पाय तेच राहिले.

एकोणिसाव्या शतकात युरोपात सक्तीची लष्करभरती वाढली आणि सैन्यं लाखांत मोजली जाऊ लागली. मग चालण्याचा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. जर्मनीत विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांनी 1836 साली चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं होतं की पुढे येणारा पाय घड्याळाच्या लंबकासारखा आपोआप झुलतो. पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे याने 1882 पासून बोआ द बुलोन्यच्या बागेत एक केंद्र चालवलं. तो माणसाला काळे कपडे घालून त्यावर हातापायांच्या रेषेत पांढऱ्या पट्ट्या लावायचा आणि काळ्या पार्श्वभूमीपुढून चालायला सांगायचा. एकाच काचेवर एकामागून एक छायाचित्रं उमटत. त्यात माणूस दिसायचा नाही, फक्त हलणाऱ्या रेषा दिसायच्या. या प्रयोगांत चालणाऱ्या-धावणाऱ्यांमध्ये फ्रेंच लष्कराच्या जिम्नॅस्टिक शाळेचे जवान होते.

लाइपझिगमध्ये विल्हेल्म ब्राउने आणि ओटो फिशर यांनी 1889 साली शरीराच्या गुरुत्वमध्यावर प्रबंध छापला. त्याच्या शीर्षकातच जर्मन पायदळी शिपायाच्या साहित्याचा उल्लेख आहे. त्यांनी गोठवलेल्या मृतदेहांवर मोजमापं घेतली आणि पाठीवर सामान चढलं की तोल कुठे सरकतो ते शोधलं. पुढे फिशरने गणित करून दाखवलं की पाय नुसता लंबकासारखा झुलत नाही, स्नायू त्याला ढकलतही असतात. 1901 मध्ये नाथन त्सुंट्स आणि शुम्बुर्ग यांचा मार्चच्या शरीरक्रियेवरचा ग्रंथ बर्लिनमध्ये आला. वेगवेगळी ओझी देऊन माणसांना चालवायचं आणि श्वास, नाडी, तापमान मोजायचं, अशी त्यांची पद्धत. किती ओझ्यापर्यंत शरीर सावरतं आणि कुठून पुढे ते खचायला लागतं, हे पहिल्यांदाच मोजून सांगता येऊ लागलं.

हे वाचताना मला पहाडातले नेपाळी भारवाहक आठवतात. नोकरीत त्यांच्यासोबत बरेच चढ चढलो. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली, आणि तिचा पट्टा कपाळावर. या पट्ट्याला ते नाम्लो म्हणतात. युरोपियन शास्त्रज्ञांनी नामचे बाजारच्या वाटेवर या भारवाहकांचं मोजमाप केलं आणि 2005 मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुरुष सरासरी आपल्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त भार नेत होते, आणि पिठ्ठू घेतलेल्या पाश्चात्त्य माणसापेक्षा कमी शक्ती खर्चून. त्यांची रीत साधी आहे. हळू चालायचं, दिवसभर चालायचं, आणि वारंवार थांबायचं. थांबताना हातातली टोकमा नावाची काठी टोपलीखाली लावून भार तिच्यावर टेकवायचा. आमचे तरुण अधिकारी या थांबण्याला आळस म्हणायचे. मीही म्हटलं आहे.

मोडलेल्या पावलाचं कारण

आता त्या सातारच्या मुलाकडे परत येऊ. त्याला जे झालं त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने 1855 साली लिहून ठेवलं होतं की लांब मार्चनंतर शिपायांची पावलं सुजतात, दुखतात, आणि मार काही लागलेला नसतो. तेव्हा हाडाच्या आत पाहायची सोय नव्हती. 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांत श्टेकोव यांनी दाखवलं की या सुजलेल्या पावलांत हाडाला भेग असते. म्हणजे मी ज्याला नाटक म्हणालो, त्याची नोंद लष्करी वैद्यकात सव्वाशेहून जास्त वर्षांपासून होती.

हाड का मोडतं? हाड विटेसारखं निर्जीव नसतं. बर्लिनचे शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी 1892 साली मांडलं की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. भार वाढला की हाड भक्कम होतं, भार गेला की विरळ होतं. पण या बदलाला एक क्रम आहे. आधी काही पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, मग दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. कुरतडणं लवकर होतं, भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. घराची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी पोपडे आणि सैल विटा काढतो. त्या दिवशी भिंत आधीपेक्षाही कमजोर असते. रिक्रुटाच्या नव्या कसरतीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड नेमकं या अवस्थेत असतं. नेमक्या त्याच वेळी दम वाढलेला असतो, पोरगं जोशात असतं, आणि कंपनी कमांडर म्हणतो, आता जरा वाढवू या. सुरुवातीच्या एक्स-रेत भेग दिसत नाही, कारण ती केसाएवढी असते. भोवती नवं हाड धरायला लागलं की दोन-तीन आठवड्यांनी ती दिसते.

यातून या शास्त्राचा पहिला मोठा धडा निघतो. शरीर मेहनतीच्या वेळी मजबूत होत नाही; मेहनत ही फक्त मागणी असते. पुरवठा होतो विश्रांतीत. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो, हाडांना आणि स्नायुबंधांना महिने लागतात. सगळ्यांत हळू असतो त्याच्या वेगाने ओझं वाढवायचं. काफिला असाच चालतो.

आपल्या तालमींना हे वेगळ्या भाषेत ठाऊक होतं. नव्या पोराला पहिल्या दिवशी जोड देत नसत; आधी तांबडी माती खणायची, मग ठरावीक जोर-बैठका, त्या रोज थोड्या वाढवायच्या. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला रूप दिलं, तेव्हा पकड, तोल आणि अंगाचा लवचीकपणा कुस्तीच्या आधी खांबावर शिकायची सोय झाली. बडोद्याला तर या विद्येचा कोशच झाला: दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादलेला मराठी 'व्यायाम ज्ञानकोश', दहा खंडांचा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी हे काम केलं, हे तुम्हा मंडळींना मुद्दाम सांगतो.

दुमजली बसमधले दोघे

इथपर्यंतची गोष्ट तरण्या, निवडलेल्या शरीरांची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्न बदलला. कष्ट जास्त झाले तर काय, हे माहीत होतं. कष्ट थांबले तर काय?

जेरेमाया मॉरिस, सगळे त्यांना जेरी म्हणत, हे ब्रिटिश डॉक्टर. युद्धात ते रॉयल आर्मी मेडिकल कोअरमध्ये होते आणि त्यांची नोकरी भारतात झाली. लेफ्टनंट कर्नल होऊन परतले. त्या काळात इंग्लंडमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत होती आणि कारण नीट उलगडत नव्हतं. मॉरिस यांनी वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं तपासायला घेतली. त्यात लंडनच्या बसचे कर्मचारी होते: 35 ते 64 वयाचे सुमारे 31,000 पुरुष.

लंडनची दुमजली बस डोळ्यांपुढे आणा. मुंबईकरांना ती लगेच दिसेल, बेस्टची बस तशीच होती. एका बसमध्ये दोन माणसं. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसलेला. कंडक्टर तिकिटं फाडत खाली-वर करणारा. एका दिवसात 500 ते 750 पायऱ्या. दोघांची बस एक, रस्ता एक, धूर एक, वर्ग एक, पगारही साधारण सारखा. फरक जिन्याचा. 1953 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झाला तर उशिरा होत होता, आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या निम्म्याच्या आसपास होतं. मग टपाल खात्यात पाहिलं: पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन एका बाजूला, टेलिफोनवर आणि टेबलाशी बसणारे दुसऱ्या बाजूला. तिथेही चित्र तेच.

पण मॉरिस यांचा मला जो गुण आवडतो तो पुढचा आहे. त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. मुळातच स्थूल, सुस्त माणसं ड्रायव्हर होत असतील आणि चपळ माणसं कंडक्टर, तर? मग जिन्याचं श्रेय कशाला? उत्तर शोधायला त्यांनी काय तपासलं? पँटी! बस खातं गणवेश शिवून देत असे, त्यामुळे प्रत्येकाच्या कमरेचं माप नोंदलेलं होतं. 1956 च्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी याला गणवेशाचं साथरोगशास्त्र म्हटलं. निघालं असं की तरुण वयापासूनच ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्या. म्हणजे शंका अगदीच खोटी नव्हती. माणूस असता तर त्याने कागद दाबून ठेवला असता, पण यांनी तो छापला आणि पुढे कामाला लागले. फौजेत आपल्याच बातमीवर अशी शंका घेणारा गुप्तवार्ता अधिकारी मिळाला तर त्याला सोडू नये.

प्रश्न सोडवायला सगळेच बैठं काम करणारे घ्यायला हवे होते. 1968 पासून त्यांनी सुमारे अठरा हजार सरकारी कर्मचाऱ्यांच्या मोकळ्या वेळेची नोंद घेतली. टेबल सगळ्यांचं सारखं. पण जे सुट्टीत भरभर चालत, पोहत, सायकल मारत, बागेत जोरकस कष्ट करत, त्यांना हृदयविकार बराच कमी होता. अमेरिकेत राल्फ पाफेनबर्गर यांनी गोदीतल्या हमालांवर आणि मग हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांवर काम करून असंच दाखवलं. 1996 साली या दोघांना मिळून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा क्रीडाविज्ञानाचा पहिला पुरस्कार मिळाला. मॉरिस 2009 मध्ये वारले, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी.

हुगळीकाठची गिरणी

तुम्ही म्हणाल, हे सगळं गोऱ्यांचं. आपल्या देशातलं उदाहरण आहे, आणि ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलंय. ज्याँ मायेर हे मूळचे फ्रेंच, युद्धात फ्री फ्रेंच सैन्यात लढलेले, नंतर हार्वर्डला पोषणशास्त्र शिकवणारे. त्यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर पश्चिम बंगालमधल्या एका तागाच्या गिरणीतल्या दोनशेहून जास्त पुरुषांचा आहार, वजन आणि काम तपासलं. 1956 मध्ये ते प्रसिद्ध झालं.

अपेक्षा अशी की जेवढं काम जास्त तेवढी भूक जास्त. हलकं काम करणाऱ्यांपासून अवजड काम करणाऱ्यांपर्यंत ते खरं निघालं: काम वाढत गेलं, आहार वाढत गेला, आणि वजन जवळपास तेवढंच राहिलं. गडबड दुसऱ्या टोकाला होती. दुकानावर बसणारे आणि नुसती देखरेख करणारे, म्हणजे ज्यांची हालचाल सगळ्यांत कमी, ते हलक्या कामवाल्यांपेक्षा जास्त खात होते. जवळजवळ अवजड काम करणाऱ्यांइतकं. वजनही त्यांचंच जास्त.

याचा अर्थ लक्षात घ्या. भूक हे शरीराचं हिशेबनीस खातं आहे, पण ते हालचालीच्या एका किमान पातळीच्या वरच नीट चालतं. माणूस त्या पातळीच्या खाली गेला की हिशेब बिघडतो. "काम कमी झालंय, आपोआप कमी खाल्लं जाईल" असं जे आपण म्हणतो, ते त्या गिरणीत तरी खरं ठरलं नाही.

माझ्याही बाबतीत ठरलं नाही. निवृत्तीनंतर मी सल्लागार म्हणून खाजगी नोकरी धरली. दारात गाडी, ऑफिसात लिफ्ट, दिवसभर खुर्ची. जेवण मात्र बटालियनच्या मेसमधलंच राहिलं. दोन वर्षांत कमरेचा पट्टा दोन भोकं पुढे गेला आणि एकदा वीज गेली म्हणून तिसरा मजला जिन्याने चढलो, तर दारात उभा राहून पाच मिनिटं बोलता येईना. ज्याने पाच किलोमीटरची बीपीईटी, पूर्ण साज घालून, वर्षानुवर्षं धावून पास केली, तो हा माणूस. जुन्या फिटनेसचं पेन्शन मिळत नाही, हे मला त्या जिन्यावर कळलं.

तीन आठवडे अंथरुणात

1966 साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता, म्हणजे साध्या भाषेत दम, सुमारे एक चतुर्थांशाने घटली. खरी गंमत तीस वर्षांनी झाली. तीच पाच माणसं पन्नाशीत पुन्हा बोलावून तपासली. तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, हलकं धावणं, सायकल असा सराव दिला. सरासरीने ते विशीतल्या अंथरुणापूर्वीच्या पातळीपाशी परत आले.

वयाला दोष देण्याआधी हा प्रयोग आठवायचा. आपण ज्याला म्हातारपण म्हणतो, त्यातलं बरंचसं बसणं असतं.

आता एक फरक स्पष्ट करून थांबतो, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. 1985 साली अमेरिकेतल्या कॅस्परसन आणि सहकाऱ्यांनी तीन शब्द वेगळे करून ठेवले. स्नायूंनी केलेली आणि शक्ती खर्च करणारी कोणतीही हालचाल ती शारीरिक हालचाल: झाडू मारणं, पाणी भरणं, बस पकडणं. ठरवून, नियमाने, क्षमता वाढवण्यासाठी केलेली हालचाल तो व्यायाम. आणि या दोन्हींतून अंगी येते ती तंदुरुस्ती. लंडनचा कंडक्टर व्यायाम करत नव्हता, तो तिकिटं फाडत होता. उलट तासभर जिम करून उरलेला दिवस खुर्चीत काढणारा माणूस व्यायाम करतो, पण त्याची हालचाल तेवढीच.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला आहे: प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाचं चालणं, शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काम, आणि बसणं कमी. 2024 मध्ये आलेल्या एका जागतिक अभ्यासानुसार 2022 साली आपल्या देशातले जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. घरातल्या बाईला "तुला कशाला व्यायाम, दिवसभर काम करतेस" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

माझं स्वतःचं सांगतो. लिफ्ट सोडली. पहिले दोन महिने एकच मजला, मग दोन. चालणं दहा मिनिटांपासून, दर आठवड्याला थोडं वाढवत. गुडघ्याने कुरकुर केली की त्या आठवड्यात वाढ नाही. या वेळी कंपनी कमांडर मीच आणि रिक्रुटही मीच, त्यामुळे उस्तादांचं वाक्य विसरायची मुभा नव्हती.

तो सातारचा मुलगा पुढे पास आउट झाला, नोकरी पूर्ण केली, हवालदार म्हणून निवृत्त झाला. 2016 मध्ये माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात तो मला भेटला. एकोणतीस वर्षांनी मी त्याची माफी मागितली. तो हसला, माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाला, "जाऊ द्या साहेब. पाऊस लागला की थोडं ठणकतं, एवढंच." मग आम्ही दोघं मैदानाला एक फेरी मारून आलो. चाल त्याची होती. मी तिच्याशी जुळवून घेतलं.

तुम्हीही आता उठा. हा भाग संपला आहे. पुढचा लावायच्या आधी जिना एकदा उतरून चढून या. जय हिंद.